घोट्याचा अस्थिभंग आणि संयम

कुरखेड्याहून वडशाला दुचाकीने ये-जा करणाऱ्या आपल्या व्यापारी बांधवांना अपघाताचे भय नित्याचेच. जोराचा आघात झाला की घोट्याचे हाड नडगीच्या खालच्या टोकावर आदळते आणि सांधा चुरडतो. फ्रेंच क्ष-किरणतज्ज्ञ देस्तो यांनी १९११ साली या टोकाला ‘पिलॉन’, म्हणजे खलातील बत्ता, म्हटले.

‘शस्त्रक्रिया आजच उरका’, असा आग्रह नातलग धरतात. परंतु सुजेवर चीर दिल्यास जखम चिघळते. प्रसंगी पायही गमवावा लागतो. म्हणून प्रथम बाहेरून सळयांची चौकट बसवतात. एक-दोन आठवड्यांनी त्वचेवर सुरकुत्या दिसल्या की मग पट्टी व स्क्रू. जखम उघडी असल्यास किंवा बोटे थंड पडल्यास मात्र क्षणाचाही विलंब नको.

पुढे सुमारे तीन महिने त्या पायावर भार देता येत नाही. दुकानाची गादी तोवर थांबेल. सांधा पुन्हा मिळणार नाही.