कॉफीचं दळण

बँकेत असताना एक प्रश्न मी शेकडो अर्जदारांना विचारला असेल. पंपसेट असो, पिठाची गिरणी असो की झेरॉक्सचं मशीन, कर्जाचा अर्ज पुढ्यात आला की मी चष्मा काढून विचारायचो, "हे सगळं ठीक आहे, पण रोज चालवणार कोण?" अर्जदार गडबडला की समजावं, हे खातं पुढे त्रास देणार. आयुष्यभर दुसऱ्यांना विचारलेला हा प्रश्न स्वतःच्या घरात कॉफी दळायचं यंत्र आणताना मात्र मी विसरलो. त्याची ही हकीकत. कॉफीची यंत्रं घ्यायच्या विचारात कोणी असेल तर त्याला माझ्या चुकांचा थोडा उपयोग होईल.

तसं आमचं घर मूळचं चहाचं. कॉफी व्हायची ती पाहुणे आले, मुलगी बघायला मंडळी आली किंवा घरात कोणी परीक्षेसाठी जागत असलं तर. तीही दुधात उकळलेली, वर जायफळ किसलेलं. पोल्सन हे नाव लोकांच्या लक्षात राहिलं ते लोण्यामुळे, पण त्या धंद्याची सुरुवात कॉफी दळून विकण्यापासून झाली होती. आमच्या लहानपणी कॉफी म्हणजे डब्यातून येणारी पूड. ती कशाची तरी बी असते आणि तिला कोणीतरी दळावं लागतं, हे आमच्या गावीही नव्हतं.

१९९३ साली माझी बदली चिकमगळूरला झाली. गावाच्या डोक्यावर बाबाबुडनगिरीची डोंगररांग. सतराव्या शतकात बाबा बुडन या सूफी संतानं हजहून परतताना येमेनमधून कॉफीच्या सात बिया लपवून आणल्या आणि या डोंगरावर लावल्या, अशी तिथली आख्यायिका. आमच्या शाखेचं निम्मं काम कॉफीच्या मळ्यांचं. १९९४च्या जून-जुलैत ब्राझीलमध्ये कडाक्याची थंडी पडून तिथल्या बागा करपल्या, जगभर भाव चढले आणि आमच्याकडची कित्येक थकलेली खाती बघता बघता सुरळीत झाली. सगळा माल कॉफी बोर्डाकडे घालायचा नियम तेव्हा टप्प्याटप्प्यानं सैल होत होता. १९९६ मध्ये तो पुरता गेला. कॉफीबद्दल मी जे शिकलो ते असं, फायलींतून.

खरी कॉफी शिकली ती आमची ही. आमच्या घरमालकीणबाई सत्तरीच्या होत्या. सगळं गाव त्यांना अज्जी म्हणे. हिला कन्नड येत नव्हतं आणि अज्जींना मराठी. मी दिवसभर बँकेत किंवा जीपमधून मळ्यांवर, मुलगा शाळेत. परक्या गावात, परक्या भाषेत ही एकटी. एक दिवस अज्जींनी हिला स्वयंपाकघरात बोलावलं. ओट्याच्या फळीला स्क्रूनं आवळलेलं बिडाचं हातयंत्र होतं. अज्जी वरून भाजलेले दाणे टाकायच्या, ही दांडा फिरवायची. मग ती पूड पितळी फिल्टरमध्ये, वर आधणाचं पाणी, आणि खालच्या भांड्यात थेंब थेंब उतरणारं डिकॉक्शन. तीन वर्षं रोज सकाळी हा कार्यक्रम चालला. परतीची बदली झाली तेव्हा अज्जींनी तसाच एक पितळी फिल्टर हिच्या हातात ठेवला. दोघी रडल्या.

महाराष्ट्रात आल्यावर तो फिल्टर माळ्यावर गेला. हिची नोकरी, मुलाचं शिक्षण, माझ्या बदल्या. घरात बाटलीतली इन्स्टंट कॉफी आली आणि पंचवीस वर्षं राहिली.

२०२१ मध्ये मी निवृत्त झालो. निवृत्त माणूस घरात बसला की त्याला घर सुधारायची उबळ येते. माझी पहिली सुधारणा म्हणजे विजेचं कॉफी मशीन आणि सोबत विजेवरचा छोटा ग्राइंडर. दोन्ही मिळून पाच हजारांच्या आसपास गेले. कॉफी काही जमेना. कधी कडू, कधी पांचट, कधी एकाच कपात दोन्ही. सहा महिन्यांत मशीनची काचेची लोटी तडकली. सुटी लोटी कुठल्या दुकानात मिळेना. मशीन धडधाकट आणि लोटीअभावी अडगळीत. सुट्या भागांची चौकशी आधी करावी, हेही मी दुसऱ्यांना सांगत आलो होतो.

मग जुन्या सवयीनं डायरीचं मागचं पान उघडलं आणि प्रकरण मुळापासून तपासलं. त्यातून जे हाती लागलं ते सांगतो.

पहिली गोष्ट दळणाची. अख्ख्या भाजलेल्या दाण्याचा सुवास हवाबंद डब्यात काही आठवडे टिकतो. पूड केली की तो झपाट्यानं उडू लागतो. मिरी आणि डब्यातली जुनी मिरपूड यांतला फरक कुठल्याही गृहिणीला विचारा. म्हणून घरी दळायचं, आणि लागेल तेवढंच दळायचं.

पण दळायचं कशानं? बाजारात दोन जातींची यंत्रं मिळतात. एकात मिक्सरसारखं पातं गरगरतं. ते दळत नाही, तोडतं. पात्याखाली सापडलेल्या दाण्याचा भुगा होतो, कडेला राहिलेल्याचे तुकडे राहतात. पाणी ओतलं की भुग्यातून कडवटपणा उतरतो आणि तुकड्यांतून अर्धवट आंबूसपणा. माझ्या कपातलं कोडं ते हेच. दुसऱ्या जातीत दोन दातेरी चकत्या असतात किंवा एक सुळका आणि त्याभोवती कडं. दाणा त्यांच्यामधल्या फटीतून निसटण्याइतका बारीक झाल्याशिवाय सुटत नाही, म्हणून सगळा रवा जवळपास सारखा पडतो. हे वाचलं आणि मला हसू आलं. हे तर आजीचं जातं! वरची तळी, खालची तळी आणि मध्ये दाणा. इंग्रजीत त्याला बर ग्राइंडर म्हणतात. दुकानात गेलात तर हाच शब्द सांगा आणि पातं असलेलं यंत्र नम्रपणे परत करा.

दुसरी गोष्ट पैशांची. नवखा माणूस सगळे पैसे कॉफी करण्याच्या यंत्रात घालतो आणि दळायला काहीतरी स्वस्तातलं बघतो. ते उलट हवं. दळण चांगलं असेल तर साध्या भांड्यातही चांगली कॉफी होते. दळण वाईट असेल तर भारी मशीनही हात टेकतं. आपला स्टीलचा दाक्षिणात्य फिल्टर चारपाचशे रुपयांत येतो, त्याला ना वीज लागते ना कागद. दांडा दाबून गाळ खाली बसवायचं काचेचं भांडं, ज्याला फ्रेंच प्रेस म्हणतात, ते हजाराच्या आतबाहेर. ज्यांना काळी कॉफी आवडते त्यांना हे सोयीचं. कागदी गाळणीचा शंकू त्याहून स्वस्त, पण कागद कायम आणावे लागतात. १९०८ साली जर्मनीतल्या मेलिटा बेंट्स या गृहिणीनं मुलाच्या वहीतला टीपकागद भोकं पाडलेल्या पितळी भांड्यात घालून ही युक्ती शोधली. इटलीत १९३३ साली निघालेला मोका पॉट गॅसवर चालतो आणि दाट कडक कॉफी देतो. मात्र तो ॲल्युमिनियमचा असेल तर साध्या इंडक्शन शेगडीवर तापणार नाही. विजेची ठिबक मशीनं सोयीची खरी, पण स्वस्तातल्या पुष्कळ मशीनांत पाणी पुरेसं तापत नाही. आणि तापत्या तव्यावर तासभर ठेवलेली कॉफी उकळत राहिलेल्या चहासारखी होते. मशीन असलंच तर तयार कॉफी लगेच थर्मासमध्ये ओतावी.

दळणाची जाडी भांड्यानुसार ठरते. फ्रेंच प्रेसला जाडा रवा, कागदी गाळणीला आणि आपल्या फिल्टरला बारीक रवा, मोका पॉटला त्याहून थोडं बारीक. वस्त्रगाळ पूड घरातल्या कुठल्याच भांड्याला नको. फिल्टरची भोकं बुजतात आणि डिकॉक्शन उतरतच नाही.

तिसरी गोष्ट खेळत्या भांडवलाची. यंत्र एकदाच घेतो, दाणे रोज लागतात. दोघांना दिवसाला वीस ग्रॅम धरले तर वर्षाला सात किलोंच्या वर जातात. किलोला हजार रुपये धरले तरी सात हजार झाले. म्हणून यंत्रावर सगळी पुंजी उधळू नये. आणखी एक, विकत मिळणारी तयार फिल्टर पूड बहुधा चिकोरी मिसळलेली असते. किती टक्के, ते पाकिटावर छापलेलं असतं. चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजलेलं मूळ. त्यानं रंग आणि दाटपणा येतो. अख्ख्या दाण्यांत ती नसते, म्हणून घरी दळलेली पहिली कॉफी आपल्याला पातळ वाटते. दाणे वाईट म्हणून दुकानदाराशी भांडू नका. चिकोरीची पूड वेगळी मिळते, ती चवीपुरती मिसळा.

एवढा अभ्यास करून मी हिच्या साठाव्या वाढदिवसाला हातानं फिरवायचा ग्राइंडर आणला. चिनी मातीच्या दात्यांचा, दीड हजारांचा. त्याच पैशांत हातयंत्र विजेच्या यंत्रापेक्षा चांगलं दळतं, कारण मोटारीचे पैसे वाचतात. हे गणित बरोबरच होतं. माळ्यावरून पितळी फिल्टर काढला, चिंचेनं घासून लखलखीत केला आणि दोन्ही हिच्यासमोर ठेवले. हिनं फिल्टर हातात घेतला आणि बराच वेळ काही बोलली नाही.

पुढे आठवडाभर कॉफी मस्त झाली. मग एक दिवस इन्स्टंटची बाटली पुन्हा ओट्यावर दिसली. मी विचारलं, तर म्हणाली, "आज घाई होती." दुसऱ्या दिवशीही घाईच होती. मला राग आला. एवढं हौसेनं आणलं आणि हिला किंमत नाही! तसं बोलूनही दाखवलं. त्या संध्याकाळी लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडताना ही थांबली आणि बरणी माझ्यापुढे सरकवून आत गेली. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हिला संधिवात आहे. तीन वर्षं मीच औषधं आणतो, मीच डॉक्टरांकडे नेतो. सकाळी उठल्यावर तास-दीड तास हिची बोटं मिटत नाहीत. नेमक्या त्या वेळी मी तिच्या हातात जातं दिलं होतं. आठ दिवस तिनं ते फिरवलं, कारण मी आणलं होतं.

"सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"अहो, तुम्ही विचारलंत कुठे?" ती म्हणाली. रागानं नाही, साधंच.

चालवणार कोण? हा प्रश्न मी परमुलखातल्या शेतकऱ्याला विचारत होतो, घरात विचारला नाही. घरातली सगळी यंत्रं तीच चालवते हे मी आयुष्यभर गृहीत धरलं होतं.

त्या दिवसापासून दळण माझ्याकडे आलं. स्वतः फिरवायला लागल्यावर यंत्राचे गुणदोष कळले. स्वस्त यंत्रात मधली खीळ एकाच टोकाला धरलेली असते, ती डुगडुगते आणि जाड दळताना रवा सारखा पडत नाही. वीस ग्रॅमला तीन मिनिटं लागायची. वर्षभरानं मी पोलादी दात्यांचं, खीळ दोन्ही टोकांना बेअरिंगमध्ये बसवलेलं यंत्र घेतलं. साडेचार हजार पडले, पण दळण मिनिटभरात होतं. आठवड्याला कोरड्या ब्रशनं झाडतो, पाणी लावत नाही. दाण्याचं तेल साठून खवट होऊ देत नाही.

हात दुखणारी व्यक्ती घरात एकटीच असेल, तर तिनं हातयंत्राच्या वाटेला जाऊ नये. पैसे जमवून विजेचं जातं घ्यावं. त्याला सात-आठ हजारांच्या पुढे खर्च येतो. नाहीतर दुकानातून आठवड्यापुरती ताजी दळून आणावी. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या परिसरात, आणि दाक्षिणात्य वस्ती आहे तिथं बहुतेक ठिकाणी, अशी दुकानं आहेत. आणि तूर्त काहीच खर्च करायचा नसेल तर मिक्सरचं एक छोटं भांडं कॉफीसाठी राखून ठेवा. थोडे दाणे घ्या, दोन दोन सेकंद फिरवा आणि मध्ये भांडं हलवा. चटणीचं भांडं मात्र नको. लसूण कॉफीला सोडत नाही.

आता सकाळी सहाला मी खिडकीशी बसून दळतो. ही वीस ग्रॅम दाणे मोजून देते. मग पूड फिल्टरमध्ये घालून हलकेच थापटते आणि उकळी मोडलेलं पाणी आधी चमचाभर शिंपडते, पूड फुगली की उरलेलं ओतते, सगळं मिळून सव्वाशे मिलिलिटर. पंधरा-वीस मिनिटं डिकॉक्शन उतरतं. गरम फिल्टरचं भांडं घट्ट बसतं, ते सोडवायचं कामही माझं. तेवढ्या वेळात ही चिकमगळूरच्या गोष्टी सांगते. अज्जींच्या सुनेची, गल्लीतल्या भांडणांची, त्या दोघी खुणांनी काय काय बोलायच्या त्याची. तीन वर्षं मी त्याच घरात राहत होतो आणि यातलं मला काहीच माहीत नव्हतं.

परवा मी जरा घाईत दळलं. हिनं पूड चिमटीत घेऊन बघितली आणि डबी माझ्याकडे परत सरकवली.

"जाडसर झालीय. पुन्हा दळा."

मी पुन्हा दळली.