साठेखत म्हणजे खरेदीखत नव्हे!

सोलापुरातून पुणे रस्त्याने बाळे, केगावकडे निघालात की प्लॉट विक्रीच्या पाट्या दिसू लागतात. गावाकडची चार पैशांची पुंजी पोराबाळांसाठी तिथं गुंतवायची, तर आधी कागदांची नावं नीट ओळखा.

गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट, म्हणजेच 1089 चौरस फूट. असे 40 गुंठे मिळून एकर. इसार म्हणजे सौदा ठरल्याची आगाऊ रक्कम. साठेखत म्हणजे ‘पुढे विकीन’ एवढाच करार. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार नुसत्या साठेखतानं जागेची मालकी मिळत नाही, मग ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं का असेना. मालकी येते नोंदणीकृत खरेदीखतानं. त्यात चतुःसीमा, म्हणजे चारी बाजूंना काय आहे, तेही तपासा.

सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ रकाना चुकवू नका. बँकेचा, सोसायटीचा बोजा तिथंच असतो. खरेदीनंतर फेरफार मंजूर करून घ्या, तेव्हा कुठं उताऱ्यावर तुमचं नाव लागतं.

तेव्हा बंधूंनो, पूर्ण रक्कम मोजण्याआधी एकच विचारा, ‘मालक, हे साठेखत की खरेदीखत?’