मोटारीचा चेंबर घरीं काढतांना



लोखंडी धावेच्या बैलगाड्या होत्या त्या काळीं गाडीखालीं वंगणाची एक नळी टांगलेली असे. चाक कुरकुरूं लागलें कीं गाडीवान खालीं उतरे, आंसाला वंगण लावी आणि पुन्हां वाट चालूं लागे. मोटारीच्या इंजिनास ही सवलत नाहीं. तें कुरकुरूं लागलें म्हणजे वंगणाची वेळ बहुधा टळून गेलेली असते. म्हणून मोटारीचें वंगण ज्या भांड्यांत सांठतें, त्याविषयीं आज दोन शब्द सांगण्याचें योजिलें आहे.

हें भांडें इंजिनाच्या अगदीं तळाशीं असतें. पुस्तकांत त्यास ऑइल पॅन किंवा संप म्हणतात. आपले मिस्त्री त्यास सरळ चेंबर म्हणतात, आणि आपणही तेंच नांव घेऊं. लहान मोटारीच्या चेंबरांत साधारण ३ ते ४ लिटर तेल राहतें. तळापासून थोड्याच उंचीवर जाळी लावलेली एक नळी असते. पंप त्या नळीवाटे तेल ओढून क्रँकच्या बेअरिंगांकडे व इंजिनाच्या वरच्या भागांकडे पाठवितो, आणि तापलेलें तेल ओघळून पुन्हां चेंबरांत येतें. हा फेरा थोडा वेळ जरी थांबला तरी धातूवर धातू घासूं लागतो.

परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील झरी या गांवीं माझ्या गाडीचा चेंबर काढण्याची पाळी आली, ती शेतरस्त्यावरील एका दगडामुळें. चेंबरास पोचा पडून तेल ठिबकूं लागलें. पोचा दिसावयास क्षुल्लक. पण पत्रा आंत दबून जाळीस टेकला तर तेल ओढण्याचा मार्गच खुंटतो, आणि समोरचा तेलाचा तांबडा दिवा लागतो. तो लागतांच इंजिन तत्काळ बंद करावें. ‘घर जवळच आहे, हळूहळू नेऊं’ हा विचार फार महाग पडतो. चेंबर राहतो बाजूला आणि क्रँकच बदलण्याची वेळ येते.

गळती दिसली म्हणून लागलीच चेंबरास दोष देऊं नये. वरील झांकणाच्या सांध्यांतून गळालेलें तेलही ओघळत चेंबराच्या कडेवर येऊन थांबतें. इंजिन पुसून स्वच्छ करावें, गाडी थोडा वेळ चालू ठेवावी आणि ओल सर्वांत वर कोठें दिसते हें पाहावें.

आतां या कामांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ती तेलाची नाहीं, पान्याचीही नाहीं. ती माणसाच्या जिवाची आहे. आपल्याकडील काळी जमीन उन्हाळ्यांत भेगाळते आणि पावसांत फुगून मऊ होते. पहिल्या खेपेस मीं ऐन श्रावणांत अंगणांतील मातीवर जॅक लावला, गाडी उचलली आणि विसरलेला पाना आणावयास घरांत गेलों. परत येऊन पाहतों तों जॅक एका अंगास कलला होता आणि गाडी खालीं बसली होती. पाना खिशांत असता तर मी तिच्याखालीं असतों! जॅक हें गाडी उचलण्याचें साधन आहे, धरून ठेवण्याचें नव्हे, हा धडा मला असा मिळाला.

म्हणून फरशीची अथवा काँक्रीटची सपाट, कठीण जमीन पाहावी. हातब्रेक ओढावा, मागील चाकांस दोन्ही बाजूंनीं अडणी लावाव्या. गाडी उचलल्यावर, गाडीच्या पुस्तकांत दाखविलेल्या जागीं दोन भक्कम जॅकस्टँड लावून भार त्यांवर सोडावा. विटा मुळींच वापरूं नयेत. भाराखालीं त्या एकाएकीं फुटतात. मग गाडी हातानें हलवून पाहावी, आणि ती डगमगत नसेल तरच, कोणा मोठ्या माणसास जवळ ठेवून, खालीं शिरावें.

बॅटरीची ऋण तार सोडवावी. तेल कोमट असतांना सोडावें, म्हणजे तें गाळासह लवकर वाहून येतें. कढत तेलानें मात्र हात भाजतो. चेंबराचे बोल्ट काढतांना कोपऱ्यांतील चार नुसते सैल करून अखेरपर्यंत राखावे, नाहींतर चेंबर अंगावर येतो. पॅकिंगमुळें तो चिकटलेला असल्यास सांध्यांत पातळ पात्याची पट्टी सावकाश सरकवावी. स्क्रूड्रायव्हरनें उचकटूं नये. तोंडावर चर पडला कीं गळती कायमची होते. कांहीं गाड्यांत सायलेन्सरची नळी आड येते, आणि कांहींत इंजिन उचलल्याशिवाय चेंबर निघतच नाहीं. तसें असेल तर काम मिस्त्रीवर सोपवावें. त्यांत कमीपणा नाहीं.

चेंबर हातीं आला कीं तो धुण्याची घाई करूं नये. त्याच्या तळाशीं इंजिनाची प्रकृति लिहिलेली असते. काळा, दाट गाळ म्हणजे तेल बदलण्यांत झालेली हयगय. दुधाळ तेल म्हणजे त्यांत पाणी शिरलें. लोहचुंबकास चिकटणारे कण लोखंडाचे. न चिकटणाऱ्या तांबूस वा रुपेरी चकल्या बेअरिंगच्या असण्याचा संभव असतो. अशा चकल्या दिसल्यास नवें पॅकिंग बसवून समाधान मानूं नये.

पत्र्याच्या चेंबराची कड लाकडी ठोकळ्यावर ठेवून, हलकेंच ठोकून सरळ करावी, आणि दोन्ही तोंडें पुसून कोरडीं करावीं. २०१४ सालीं जिचें उत्पादन थांबलें त्या अँबॅसडरसारख्या जुन्या गाड्यांत बुचाचें पॅकिंग असे. अलीकडील अनेक गाड्यांत सीलंट लावतात. बोल्ट मध्यापासून टोकांकडे, आलटून पालटून, दोन-तीन फेऱ्यांत आवळावे. ६ मिलिमीटरच्या बोल्टास साधारण १० न्यूटन-मीटर जोर पुरतो, म्हणजे वीतभर पान्याच्या टोकाशीं सुमारें ५ किलोंचा भार. तरी आपल्या गाडीच्या पुस्तकांतील आंकडाच प्रमाण मानावा. अधिक जोरानें गळती थांबत नाहीं, बोल्ट मात्र तुटतो. सीलंटला वाळण्यास त्याच्या वेष्टनावर सांगितलेला अवधि द्यावा, मगच तेल भरावें. इंजिन सुरू केल्यावर कांहीं सेकंदांत तांबडा दिवा विझला पाहिजे.

राहिलें तें जुनें तेल. तें नाल्यांत किंवा बांधावर ओतण्याचा मोह होतो. पण आपल्या जमिनीच्या भेगा खोल जातात, आणि त्यांतून उतरलेलें तेल कोणाच्या विहिरींत निघेल हें सांगतां येत नाहीं. २०१६ च्या नियमांनुसार असें तेल घातक कचऱ्यांत मोडतें. तें झांकणाच्या डब्यांत भरून, अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे पाठविणाऱ्या गॅरेजांत द्यावें. गाडी दुरुस्त झाली, घरचें माणूस धडधाकट राहिलें आणि विहिरीचें पाणीही निर्मळ राहिलें, तरच हें काम नीट झालें असें समजावें.