लंडनचे वार्तापत्र : निर्णय कोणाचा?

ह्या देशात गर्भारपणाचे १८ आठवडे भरल्यापासून एकविसावा आठवडा संपेपर्यंतच्या मुदतीत प्रत्येक गर्भवतीला राष्ट्रीय आरोग्यसेवेमार्फत सोनोग्राफीची एक सविस्तर तपासणी विनामूल्य देऊ केली जाते. तीत बाळाच्या हृदयाचे चारही कप्पे आणि त्यांतून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या पाहिल्या जातात, आणि काही वावगे दिसल्यास गर्भवतीची रवानगी गर्भहृदयाच्या तज्ज्ञांकडे होते. लंडनच्याच गाय्ज रुग्णालयात १९८० च्या सुमारास डॉ. लिंडसे ॲलन यांनी ही विद्या रुजविली. तत्पूर्वी हृदयाचे असे दोष बहुधा जन्मानंतर, बाळ निळे पडू लागले म्हणजेच उमगत. आता ते चार-साडेचार महिने अगोदर कळतात, आणि निर्णयाचा भारही तितकाच अगोदर येऊन पडतो. तो कोणी वाहावयाचा, ह्या प्रश्नाचे इथल्या समाजाने दिलेले उत्तर मराठी वाचकांपुढे ठेवावे, एवढ्यासाठी हे पत्र.

माझ्या परिचयाच्या एका मराठी दांपत्याच्या बाळाच्या हृदयाची डावी बाजू जवळजवळ वाढलेलीच नाही असे निदान झाले, तेव्हा त्यांच्या विनंतीवरून मी सोबत गेलो होतो. निदान सांगून त्यांना वाटेला लावले नाही. शेजारच्या लहानशा खोलीत नेऊन तज्ज्ञ परिचारिकेने कोऱ्या कागदावर तांबड्या आणि निळ्या शाईने दोन हृदये काढली, एक निरोगी आणि एक त्यांच्या बाळाचे. पहिला मार्ग तीन शस्त्रक्रियांचा. बोस्टनच्या डॉ. विल्यम नॉरवूड यांच्या नावाने ओळखली जाणारी पहिली शस्त्रक्रिया जन्मानंतरच्या थोड्या दिवसांत, दुसरी तीन ते सहा महिन्यांच्या सुमारास आणि तिसरी साधारण तीन ते पाच वर्षांच्या वयात करावी लागते. आणि ह्या तिन्ही पार पडल्या तरी हृदय पूर्ववत होत नाही, उजव्या कप्प्यालाच आयुष्यभर साऱ्या देहाचा भार सोसावा लागतो, हे तिने काहीही न लपविता सांगितले. शस्त्रक्रिया न करता, बाळाला वेदना होऊ न देता, ते आहे तोवर कुशीत बाळगणे हा दुसरा मार्ग, आणि गर्भपात हा तिसरा; तिन्ही तिने एकाच स्वरात मांडले. “तुम्हांला आणखी काय विचारायचे आहे?” ह्या तिच्या प्रश्नाला प्रत्येक वेळी पतीच उत्तर देत होता. परिचारिका त्याचे बोलणे शांतपणे ऐकून घेई, आणि मग तोच प्रश्न त्या बाईंकडे वळून पुन्हा विचारी. तिसऱ्या वेळी त्या बोलल्या. “त्याला दुखेल का?” एवढेच त्यांनी विचारले.

ही केवळ सौजन्याची रीत नव्हे. तिच्यामागे कायदा उभा आहे. जन्मापूर्वी गर्भाला इंग्लंडच्या कायद्यात स्वतंत्र व्यक्तित्व नाही. पत्नीचा गर्भपात थांबविण्याची पतीची मागणी न्यायालयाने १९७८ साली फेटाळली, आणि सज्ञान व निर्णयक्षम असलेल्या गर्भवतीवर, तिचा किंवा गर्भाचा जीव धोक्यात असला तरी, तिच्या संमतीवाचून उपचार लादता येत नाहीत असा निर्वाळा अपील न्यायालयाने १९९८ साली दिला. १९६७ च्या कायद्यान्वये, जन्मास येणाऱ्या मुलाला गंभीर अपंगत्व येण्याचा मोठा संभव आहे असे दोन डॉक्टरांनी प्रमाणित केल्यास गर्भपाताला आठवड्यांची मर्यादा नाही. ‘गंभीर’ म्हणजे किती, हे कायद्याने सांगितलेले नाही, आणि त्यावर इथे तीव्र मतभेद आहेत. डाउन सिंड्रोम असलेल्या एका तरुणीने ह्याच तरतुदीविरुद्ध मागितलेली दाद २०२२ साली अपील न्यायालयाने अमान्य केली. तिच्या आक्षेपातली वेदना मला खरी वाटते. तरीही जिच्या उदरात ते बाळ आहे तिच्यावाचून अन्य कोणाच्या हाती हा अधिकार द्यावा असे मला वाटत नाही.

आपल्याकडे २००८ साली एक दांपत्य असाच हृदयदोषाचा प्रश्न घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेले. वीस आठवड्यांची तत्कालीन मर्यादा उलटून गेली होती, आणि त्यांना परवानगी मिळाली नाही. २०२१ च्या कायदादुरुस्तीने ती वाट बरीच मोकळी केली असून, गर्भात मोठे व्यंग असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरविल्यास आता मुदतीची अट उरत नाही. पतीच्या संमतीची अट तर १९७१ च्या मूळ कायद्यातही नव्हती. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती त्याला पुरेशी होती. असे असूनही आपल्या अनेक रुग्णालयांत पतीची सही मागण्याचा प्रघात चालू आहे, आणि घरोघर सासर-माहेरची वडीलधारी मंडळी निर्णय ठरवून मगच सुनेला कळवितात. महाराष्ट्रातील डॉक्टरांना माझी कळकळीची विनंती आहे, की कायद्याने न मागितलेली ती सही मागणे त्यांनी थांबवावे, आणि निदानाची हकिगत सर्वप्रथम, तिच्या भाषेत, कागदावर आकृती काढून, त्या मातेलाच सांगावी.