‘श्रीमती’ : अर्थ आणि उपयोग

पाकिटावर एखाद्या बाईंचें नांव लिहावयाचें झालें कीं लेखणी क्षणभर अडते. सौ. लिहावें, श्रीमती लिहावें, कीं गं. भा.? पुरुषाच्या बाबतींत हा प्रश्नच उद्भवत नाहीं. तो ब्रह्मचारी असो वा विधुर असो, ‘रा. रा.’ किंवा ‘श्री.’ लिहिलें कीं काम भागतें.

‘श्री’ म्हणजे शोभा, ऐश्वर्य, लक्ष्मी. ती ज्याच्यापाशीं आहे तो श्रीमान्, जिच्यापाशीं आहे ती श्रीमती. पति हयात आहे कीं नाहीं, हें सुचविणारा एकहि वर्ण या शब्दांत नाहीं. ‘सौभाग्यवती’चें तसें नाहीं. ‘सुभग’ म्हणजे भाग्यवान, त्यावरून ‘सौभाग्य’. पुढें हें भाग्य आकुंचित होत होत पतीच्या हयातीपुरतेंच उरलें.

जुन्या पत्रांतील मायने पाहावे. सुवासिनीस ‘वज्रचुडेमंडित’ लिहीत, विधवेस ‘गंगाभागीरथी’. शब्द उदात्त खरा. परंतु ‘गं. भा.’ हीं दोन अक्षरें पाकिटावर पडलीं कीं टपालवाल्यापासून शेजाऱ्यापर्यंत सर्वांस त्या घरचें दुःख वाचावयास मिळे. मला तरी हा गौरव नेहमींच निष्ठुर वाटत आला आहे.

‘सौ.’ सधवेकरितां राखून ठेविल्यामुळें मराठींत बिचारें ‘श्रीमती’ विधवेच्या वाट्यास आलें. तिकडे हिंदी मुलुखांत विवाहित स्त्रीस ‘श्रीमती’ म्हणतात! तेव्हां हिंदीभाषी शेजाऱ्यानें आदरानें तसें लिहिलें, तर आमच्या एखाद्या जुन्या वळणाच्या गृहिणीनें दचकावें, यांत नवल नाहीं.

हा नुसता व्याकरणाचा वाद नव्हे. मे २०२२ मध्यें कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड गांवानें पतिनिधनानंतर कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें इत्यादि प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पुढच्याच वर्षीं, एप्रिल २०२३ मध्यें, ‘विधवा’ या शब्दाऐवजीं ‘गंगा भागीरथी’ योजावें, अशी सूचना राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांकडून पुढें आली आणि तीवर पुष्कळ टीका झाली. ती मला रास्त वाटते. कपाळाची खूण पुसूं नये म्हणावयाचें आणि नांवामागें नवी खूण चिकटवावयाची, हें कसें जुळावें?

व्यवहारांत सोपा मार्ग असा. ज्या बाई स्वतः ‘सौ.’ लिहितात त्यांस तसेंच लिहावें. एरवीं कुमारी, सधवा, विधवा सर्वांस ‘श्रीमती’ लिहावें. ‘सौ. श्रीमती’ अशी दुहेरी जोडणी मात्र करूं नये. निमंत्रणपत्रिकांवर ती हल्लीं कोठें कोठें दिसते.