भाताच्या पेशीतला लगाम

शहापूर-मुरबाडच्या खाचरांत आवणी उरकली आणि ढगाळ, दमट हवा हटेना, की धास्ती वाटते ती करप्याची. करप्याशी झुंजण्याची ताकद भाताच्या रोपात काही प्रमाणात असतेच. मग रोप ती कायम पुरी का वापरत नाही? याचे एक उत्तर मायक्रोआरएनएच्या निर्मितीत आहे. हे रेणू जेमतेम विसेक अक्षरांचे. ते स्वतः प्रथिन घडवत नाहीत; प्रथिनाचा निरोप नेणाऱ्या आरएनएला गाठून तो निरोप तोडतात किंवा थोपवतात. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांनी 1993 मध्ये एका सूक्ष्म कृमीत हे दाखवले आणि 2024 चे नोबेल त्यांना मिळाले.

पण लगाम घालणाऱ्याला लगाम कोण घालते? जनुकावरून आधी लांब धागा तयार होतो आणि स्वतःवरच दुमडतो. वनस्पतींत ‘डायसर-लाइक 1’ हे प्रथिन त्यातून नेमका तुकडा कापून काढते आणि तो ‘आर्गोनॉट’ प्रथिनात बसला की कामाला लागतो. विलक्षण गोष्ट पुढेच आहे. मायक्रोआरएनए 162 हा याच कात्रीतून निघतो आणि त्याच कात्रीचा निरोप तोडतो. माल वाढला की कात्री घटते, माल घटला की कात्री वाढते. हा खटाटोप उधळपट्टीचा वाटेल. पण त्यामुळेच पेशीला प्रमाण राखता येते, आणि ते बिघडले की काय होते हे भातातच दिसले आहे. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत 162 वाढवल्यावर रोपे करप्याला अधिक पुरून उरली, पण दाणे भरण्याचे प्रमाण घटले. तो दाबल्यावर लोंबीतले दाणे वाढले आणि करपा बळावला. रोप ताकद राखून का ठेवते, ते इथे कळते.

यावर रास्त आक्षेप असा, की 2021 मध्ये आर्गोनॉटला आवरणारा मायक्रोआरएनए 168 दाबल्यावर उत्पन्न आणि प्रतिकार दोन्ही वाढले; म्हणजे एक मिळवताना दुसरे गमवावेच लागते असे नाही. हे खरे आहे, आणि आशादायकही. मात्र त्यातून एवढेच ठरते, की प्रत्येक लगामाचा परिणाम वेगळा असतो आणि तो आधी गृहीत धरता येत नाही. त्यामुळे असे वाण उद्या आलेच, तर मुरबाडच्या पावसात त्याची परीक्षा झाल्याशिवाय ते स्वीकारू नये. एकरी उत्पन्नाचा आकडा सांगणाऱ्याला करप्याचाही आकडा विचारावा.