कागद गिरणीचा खरा हिशेब: जंगल, पाणी आणि धूर कसा मोजतात?

परदेशी माल पाठवणाऱ्या आपल्या व्यापारी बांधवांना अलीकडे एक नवा सवाल ऐकावा लागतो. गिऱ्हाईक भाव विचारतो, दर्जा विचारतो आणि मग विचारतो, हा माल कोणत्या जंगलातला? तो बनवताना पाणी किती लागले? आपल्या मागावर रोज चढणारे व्हिस्कोसचे सूत लाकडाच्या लगद्यापासून होते, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. बिलबुक, लेबल, खोक्याचा पुठ्ठा यांचे मूळही बहुतांशी लाकूड आणि बांबूच. तेव्हा जंगलाच्या मालावर चालणाऱ्या कंपनीचा कारभार टिकाऊ आहे की नाही हे कसे मोजतात, ते समजून घेणे आपल्या हिताचे आहे.

टिकाऊ कारभार म्हणजे काय? जंगल पुन्हा वाढेल इतकेच तोडणे, नदीला झेपेल इतकेच पाणी घेणे व सोडणे, आणि भोवतालच्या माणसांची रोजी न बुडवणे. या तिन्ही गोष्टी केवळ चांगल्या शब्दांत नव्हे, तर आकड्यांत सांगता आल्या पाहिजेत.

टनामागे किती?

पहिले माप असते टनामागचे. एक टन कागदाला लाकूड किती, पाणी किती, वीज किती, रसायन किती, असा हिशेब मांडतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2003 साली मोठ्या कागद गिरण्यांसाठी असाच करार ठरवला. 1992 पूर्वी उभारलेल्या गिरण्यांनी टनामागे सोडले जाणारे सांडपाणी दोन वर्षांत 140 घनमीटरच्या आत आणि चार वर्षांत 120 घनमीटरच्या आत आणावा, तर 1992 नंतरच्या गिरण्यांनी 100 घनमीटरच्या आत, असे त्यात होते. एक घनमीटर म्हणजे 1000 लिटर. यावरून एक टन कागदामागे नदीवर किती भार पडत होता याची कल्पना यावी. लगदा क्लोरीनने पांढरा करताना जी विषारी संयुगे निर्माण होतात, त्यांचेही माप त्याच करारात टनामागे दीड किलो आणि पुढे एक किलो असे बांधून दिले होते.

पण टनामागचा आकडा एकटा पाहू नये. समजा, एखादी गिरणी वर्षाला 1 लाख टन कागद करते आणि टनाला 120 घनमीटर पाणी घेते. म्हणजे एकूण 1 कोटी 20 लाख घनमीटर झाले. पुढे तिने यंत्रे सुधारली, वापर 100 वर आणला, पण उत्पादन 2 लाख टनांवर नेले. अहवालात सुधारणा दिसेल, नदीतून मात्र 2 कोटी घनमीटर पाणी उचलले जाईल. म्हणून टनामागचा आणि एकूण, असे दोन्ही आकडे मागावेत.

28 गिरण्यांची परीक्षा

आपल्या देशात या कामाचा चांगला नमुना 1999 साली पाहायला मिळाला. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने देशातील 28 मोठ्या कागद गिरण्यांना गुण दिले. कच्चा माल कुठून येतो येथपासून ते कागद वापरून झाल्यावर त्याचे काय होते येथपर्यंत सारी साखळी त्यात धरली होती. सर्वात उत्तम ठरणाऱ्यास पाच पाने, असा मान ठेवला होता. पहिली आली ती ओरिसातील रायगडाची जे. के. पेपर मिल. तिला 100 पैकी 42.75 गुण आणि तीन पाने मिळाली. चार किंवा पाच पाने कोणालाच मिळाली नाहीत. वर्गात पहिला आलेला मुलगा पन्नाशीही गाठत नसेल, तर पहिला क्रमांक ऐकून खूष होण्यापेक्षा गुण विचारावेत, हा त्यातला धडा.

फाटकाबाहेरचा हिशेब

खरी अडचण येते ती हिशेब कुठून कुठवर धरायचा यात. मूळचे पुण्याचे शास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी 1970 च्या दशकात कर्नाटकातील बांबूचा अभ्यास केला. दांडेलीच्या कागद गिरणीला सरकारी जंगलातला बांबू टनाला दीड रुपयाने मिळत होता, तर टोपल्या विणणाऱ्या कारागिरांना तोच बांबू बाजारात कितीतरी पट महाग पडत होता. बांबू संपत चालल्याची ओरड याच बुरुडांनी केली होती. जंगलात बांबू किती शिल्लक आहे याचा सरकारी अंदाजही प्रत्यक्षापेक्षा फार फुगवलेला निघाला. गिरणीच्या वहीत कच्चा माल स्वस्त, नफा चोख. नुकसान मात्र बुरुडाच्या घरी, आणि ते कोणत्याच वहीत नाही.

1988 च्या राष्ट्रीय वन धोरणाने म्हणूनच सांगितले की कारखान्यांनी आपला कच्चा माल शक्यतो शेतकऱ्यांशी थेट संबंध जोडून उभा करावा. त्यानंतर निलगिरी, सुबाभूळ, सुरू यांची शेती वाढली. आजच्या मापात नैसर्गिक जंगलातून किती, शेतातून किती आणि रद्दीतून किती, हे वेगवेगळे दाखवावे लागते.

धुराचा हिशेब

रासायनिक पद्धतीने लगदा करताना निम्म्याहून कमी लाकडाचा लगदा होतो. उरलेला भाग काळ्या द्रवात जातो. चांगली गिरणी हा द्रव बॉयलरमध्ये जाळून वाफ आणि वीज काढते व रसायनेही परत मिळवते. नदीत सोडला तर हाच द्रव मोठे विष ठरतो. तो जाळल्याने होणारा धूर कोळशाच्या धुरात धरत नाहीत, कारण नवे झाड तो पुन्हा शोषून घेईल असे मानतात. पण हे मानणे तोडलेल्या जागी खरोखर झाड उभे राहिले तरच बरोबर ठरते. म्हणून धुराचा आकडा जंगलाच्या आकड्याबरोबर वाचावा.

दाखल्याची किंमत

एफएससी ही संस्था 1993 साली स्थापन झाली, पीईएफसी 1999 साली; त्यांच्या नियमांनुसार जंगलाला आणि मालाला दाखले मिळतात. दाखला जंगलापासून शेवटच्या विक्रेत्यापर्यंत साखळीने चालतो, मध्ये एक कडी तुटली की संपला. एफएससी मिक्स असे लिहिलेले असेल तर सारा माल दाखल्याच्या जंगलातला असेलच असे नाही. इंडोनेशियाच्या एशिया पल्प अँड पेपर या बलाढ्य कंपनीशी एफएससीने 2007 साली संबंध तोडले. नैसर्गिक जंगल तोडणे थांबवण्याचे वचन त्या कंपनीने 2013 साली जाहीर केले. बाहेरच्याने तपासले आणि गिऱ्हाइकाने दबाव आणला, की मोठ्यालाही वळावे लागते.

याची झळ लहान कारागिरालाही लागते. शिसवी लाकडावर 2017 पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले, तेव्हा सहारनपूरच्या नक्षीकाम करणाऱ्या कारागिरांना लाकूड कायदेशीर असल्याचा पुरावा देणे भाग पडले. ज्यांच्याकडे खरेदीच्या पावत्या नीट होत्या त्यांना सोपे गेले.

आपण काय करावे?

शेअर बाजारातील पहिल्या 1000 कंपन्यांना 2022-23 पासून सेबीच्या नियमाने असा अहवाल द्यावाच लागतो. तो वार्षिक अहवालाबरोबर मिळतो. त्यात तीन गोष्टी पाहाव्यात. पाणी व धुराचे आकडे टनामागे आणि एकूण असे दोन्ही आहेत काय? मागील वर्षांचे आकडे शेजारी दिले आहेत काय? तपासणी कंपनीबाहेरच्या माणसाने केली आहे काय? आणि एफएससीचा माल म्हणून जादा पैसे मोजले असतील, तर पुरवठादाराचा दाखला क्रमांक व तसा उल्लेख बिलावर लिहून घ्यावा, तो क्रमांक संस्थेच्या जाहीर यादीत ताडून पाहावा आणि बिल जपून ठेवावे. पुढचा गिऱ्हाईक तेच बिल मागणार आहे.